पाळी गेल्यानंतर सोयाबीन, जवस आणि तीळ: किती खावं, कसं खावं आणि कुणी जपून खावं

जेवण तेच, कामही तेच, तरी परकराची नाडी तोकडी पडायला लागते आणि रक्ततपासणीच्या कागदावर एलडीएलचा, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचा, आकडा पहिल्यांदाच ठळक छापून येतो. पाळी जाण्याच्या आगेमागे हे इतक्या जणींच्या बाबतीत होतं की त्याला आळस किंवा खादाडपणा म्हणणं अन्यायाचं आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं डॉक्टर धरतात. भारतात हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी होतं, युरोप-अमेरिकेत ५१ च्या सुमाराला. बीजकोशांतून येणारं इस्ट्रोजेन हे हॉर्मोन ओसरलं की यकृत रक्तातलं एलडीएल पूर्वीइतक्या वेगाने उचलत नाही. मांड्यांवर साठणारी चरबी पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठू लागते. स्नायू घटतात, त्यामुळे जेवणानंतरची साखर ओढून घेणारी जागाच कमी होते. अमेरिकेतल्या ‘स्वॅन’ अभ्यासात हजारो बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. त्यात एलडीएलची मोठी उडी नेमकी शेवटच्या पाळीच्या अलीकडे-पलीकडे वर्षभरात दिसली.

इथेच कुणीतरी सांगतं, ‘सोयाबीन खा, त्यात नैसर्गिक इस्ट्रोजेन असतं.’ हे अर्धं खरं आहे. सोयाबीनमधले आयसोफ्लेवोन (जेनिस्टीन आणि डेडझीन हे त्यातले मुख्य) आणि जवस-तिळातले लिग्नान हे इस्ट्रोजेनशी मिळत्याजुळत्या घडणीचे रेणू आहेत, पण ताकदीने शेकडो पट दुबळे. शरीरातल्या पेशींवर इस्ट्रोजेनचा संदेश झेलणारे अल्फा आणि बीटा असे दोन ग्राहक असतात. बीटाचा शोध १९९६ मध्ये स्वीडनमध्ये लागला. जेनिस्टीनचा ओढा या बीटाकडे जास्त असतो, तर गर्भाशयाच्या अस्तराला वाढण्याचा हुकूम देतो तो मुख्यतः अल्फा. म्हणून सोयाबीन खाणं म्हणजे हॉर्मोनची गोळी घेणं नव्हे. फायद्याच्या बाबतीत नव्हे आणि धोक्याच्या बाबतीतही नव्हे.

घाबरवणारे लोक ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांची गोष्ट सांगतात, तीही खरी आहे. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हर या चाऱ्याच्या कुरणांवर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या आणि कारण त्या चाऱ्यातलं वनस्पतीजन्य इस्ट्रोजेन निघालं. पण त्या मेंढ्या दिवसभर दुसरं काही खातच नव्हत्या. वाटीभर आमटीला तो न्याय लावता येत नाही.

आता अपेक्षा किती ठेवायची ते आधीच स्पष्ट करते. रोज २५ ग्रॅमच्या आसपास सोया प्रथिनं खाल्ली तर एलडीएल सरासरी ३ ते ४ टक्के उतरतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये सोयाच्या पाकिटांवर हृदयरोगाचा धोका कमी होण्याबद्दल दावा छापायला परवानगी दिली, आणि पुरावा पुरेसा भक्कम नाही म्हणून २०१७ मध्ये तीच मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. रक्तातल्या साखरेबाबत निष्कर्ष उलटसुलट आहेत. सोयाने वजन वितळत नाही. मग हा खटाटोप कशाला? कारण सोयाबीन, जवस आणि तीळ ताटात आले की सोबत प्रथिनं, तंतू आणि चांगली चरबी येते, आणि जागा करून देण्यासाठी दुसरं काहीतरी ताटातून उठतं. माझ्या मते निम्म्याहून जास्त फायदा त्या उठून गेलेल्या पदार्थाचा आहे.

पहिली पायरी: सुरू करण्याआधी मोजून ठेवा

साधी शिंप्याची टेप घ्या. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजा. भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. साडी नेसतो ती जागा बहुतेकींची याच्या खाली असते, त्यामुळे ‘माझी कंबर अमुक’ या अंदाजावर विसंबू नका.

रक्तदाब सकाळी पाच मिनिटं शांत बसून घ्या. रक्तात उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी), लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) बघा. थकवा, वजनवाढ, चिडचिड ही लक्षणं थायरॉइडचीही असतात आणि या वयात दोन्ही गोष्टी हातात हात घालून येतात. कंबर ८० च्या वर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० किंवा जास्त, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ५० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त, उपाशीपोटीची साखर १०० किंवा जास्त, या पाचांपैकी कुठलेही तीन जुळले तर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. मग हा लेख डॉक्टरांच्या भेटीला पर्याय म्हणून वाचू नका, त्या भेटीसोबत वाचा.

दुसरी पायरी: आपण कुठल्या गटात बसतो ते बघा

थायरॉइडसाठी थायरॉक्सिनची गोळी चालू असेल तर सोया बंद करायची गरज नाही, वेळ सांभाळायची आहे. सोया गोळीचं शोषण अडवतं. सकाळी गोळी घेऊन तासाभरात सोया दूध प्यायलात तर गोळी वाया गेल्यासारखीच. दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा, म्हणजे सोया दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणात बसवा. रोजचं प्रमाण सारखं ठेवा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा.

रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर सोया आणि जवस दोन्ही सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) जवळून बघतील. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना भात-पोळी एकदम कमी केली तर साखर खाली घसरू शकते, तेव्हा बदल हळू करा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं किती हे आहारतज्ज्ञ ठरवतील.

स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या बायका सगळ्यात जास्त गोंधळलेल्या असतात. जेवणातलं माफक सोया, म्हणजे दिवसाला एक-दोन वाढण्या, धोका वाढवतं असं माणसांवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. आयसोफ्लेवोनच्या गोळ्या मात्र टाळायच्या, विशेषतः टॅमोक्सिफेन हे इस्ट्रोजेनला अडवणारं किंवा तत्सम औषध चालू असेल तर. आणि बेत आपल्या कर्करोगतज्ज्ञांना सांगूनच ठरवायचा.

चाळिशीच्या आत पाळी गेली असेल किंवा शस्त्रक्रियेत बीजकोश काढले असतील तर मात्र सोयाबीनवर भागवू नका. अशा वेळी हाडं आणि हृदय सांभाळायला हॉर्मोन उपचार लागतो का, हा प्रश्न स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारायलाच हवा. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या ऐन तिशीत काढल्या गेल्या. २०१९ मध्ये राज्य सरकारला त्याच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली. यातल्या अनेकींना बीजकोश राहिले की गेले हेही कुणी सांगितलेलं नसतं. पिशवी काढलेली असेल तर पाळी थांबल्यावरून काहीच कळत नाही. शस्त्रक्रियेचा कागद शोधा, नसेल तर सोनोग्राफीत विचारा.

आणि एक पक्कं लक्षात ठेवा. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून थोडंही रक्त गेलं तर ‘सोयाबीनने झालं असेल’ म्हणून घरी बसू नका. त्याच आठवड्यात दाखवा.

तिसरी पायरी: जवसापासून सुरुवात करा

सोयाबीनच्या आधी जवस, कारण ते स्वस्त आहे, विदर्भ-मराठवाड्यात आणि सोलापूरकडे घरोघरी चटणीच्या रूपात आहेच, आणि एलडीएलच्या बाबतीत त्याचा पुरावा मला जास्त पटतो. २००९ मध्ये २८ प्रयोगांचा एकत्रित आढावा निघाला होता. दळलेलं जवस आणि लिग्नान यांनी कोलेस्टेरॉल उतरलं, जवसाच्या तेलाने नाही. आणि परिणाम सर्वांत स्पष्ट दिसला तो पाळी गेलेल्या बायकांमध्ये. तेलात लिग्नान आणि तंतू दोन्ही येत नाहीत, म्हणून जवसाच्या तेलाच्या महागड्या कॅप्सूल या कामाच्या नाहीत. कॅनडात झालेल्या एका प्रयोगात पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णांना सहा महिने रोज ३० ग्रॅम दळलेलं जवस दिलं, तर त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी दहा अंकांच्या आसपास उतरला. निरोगी माणसाला एवढा फरक पडेलच असं नाही, पण दिशा कळते.

अख्खं जवस गिळलं तर ते जसंच्या तसं बाहेर पडतं. दळायलाच हवं. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, गार करा, मिक्सरमधून बारीक काढा. दळल्यावर ते लवकर खवट होतं, म्हणून आठवड्यापुरतंच करा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा. भाजल्याने लिग्नान फारसं जात नाही.

पहिले चार दिवस एक छोटा चमचा, मग दोन, आणि दोनेक आठवड्यांत दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. सोसलं आणि उष्मांकांना जागा असेल तर ३० ग्रॅमपर्यंत जा, त्यापुढे नको. पाणी भरपूर प्या, नाहीतर पोट साफ व्हायच्या ऐवजी जड होईल.

आता चटणीतली अडचण. आपली जवसाची चटणी खमंग लागते ती लसूण, तिखट आणि मिठामुळे. दोन मोठे चमचे रोज चटणीनेच भरून काढायचे ठरवले तर मीठ बरंच पोटात जातं, आणि रक्तदाब आधीच काठावर असेल तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं होतं. म्हणून एक चमचा चटणी आणि एक चमचा बिनमिठाची पूड असं विभागा. पूड भाकरीच्या पिठात मळा, ताकात ढवळा, वांग्याच्या किंवा दोडक्याच्या भाजीला शेंगदाण्याच्या कुटाऐवजी लावा. ‘ऐवजी’ हा शब्द महत्त्वाचा. कूट तसाच ठेवून वर जवस घातलं तर रोजचे ८० उष्मांक वाढले, एवढंच होईल.

तिळाचं काम छोटं. लिग्नान त्यातही आहेत. बाजरीच्या भाकरीला लावलेले, भाजीवर भुरभुरलेले, न सोललेले तीळ असे दिवसाला एक मोठा चमचा पुरे. तिळगुळाचा लाडू मात्र या हिशेबात धरू नका.

चौथी पायरी: सोयाबीन ताटात बसवा

महाराष्ट्र देशातल्या सर्वांत मोठ्या सोयाबीन उत्पादक राज्यांपैकी एक आहे, लातूरच्या बाजाराचे भाव रोज बातम्यांत असतात, पुण्याची आघारकर संशोधन संस्था नवे वाण काढते. आणि तरी आपल्या स्वयंपाकघरात सोयाबीन येतं ते बहुधा तेलाच्या डब्यातून. पेंड कोंबड्यांना आणि परदेशी. ‘आमच्याकडे सोयाबीनचंच तेल असतं’ असं समाधान मानणाऱ्यांनी ऐकावं: तेलात आयसोफ्लेवोन जवळजवळ नसतातच. सोया सॉसमध्येही नगण्य.

जपानमध्ये जेवणातून दिवसाला साधारण २५ ते ५० मिलिग्रॅम आयसोफ्लेवोन पोटात जातात. आपलं लक्ष्य तेवढंच ठेवू. पेलाभर सोया दुधात अंदाजे २० ते २५, शंभर ग्रॅम टोफूत (सोया दुधाच्या पनीरात) जवळपास तेवढेच, ३० ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत २० ते ४० मिलिग्रॅम मिळतात. दिवसाला यातल्या कुठल्याही दोन वाढण्या झाल्या की पुरे. प्रोटीन पावडरचं मात्र खात्रीने सांगता येत नाही, कारण ती बनवताना सोया अल्कोहोलने धुतलं असेल तर आयसोफ्लेवोन निघून जातात.

सगळ्यात टिकाऊ मार्ग पिठाचा आहे, कारण त्यात रोज आठवण ठेवावी लागत नाही. पण कच्चं सोयाबीन सरळ दळणात टाकू नका. त्यात प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो आणि तो उष्णतेनेच निकामी होतो. दाणे निवडून, धुऊन, उकळत्या पाण्यात २५ ते ३० मिनिटं शिजवा, गार पाण्यात चोळून सालं काढा, कडकडीत वाळवा, हलके भाजा आणि मग एक किलो गव्हाला किंवा ज्वारीला शंभर ग्रॅम या प्रमाणात मिसळून दळा. नुसतं सोयाबीन नेलं तर गिरणीवाला कुरकुर करतो, कारण ते तेलकट असल्याने दगडाला चिकटतं. मिसळून नेलं तर तक्रार नाही. चार पोळ्यांत यातून अंदाजे दहा-बारा मिलिग्रॅम येतात. थालिपिठाच्या भाजणीत प्रमाण थोडं वाढवलं तरी चव बिघडत नाही.

सोया वड्यांची ख्याती रबरासारख्या असण्याची आहे, पण दोष कृतीचा असतो. उकळत्या पाण्यात दहा मिनिटं, घट्ट पिळा, पुन्हा गार पाण्यात घालून पुन्हा पिळा. मग बारीक करून खिम्यासारखं मटार घालून करा किंवा मसालेभातात टाका आणि तांदूळ तेवढा कमी घ्या. टोफूला पनीरची अपेक्षा लावली तर निराशा होते. त्याची भुर्जी कांदा, हिरवी मिरची आणि भरपूर कोथिंबीर घालून करा, ते त्याला शोभतं. सोया दूध घेताना पाकिटावर साखर बघा. चवीच्या दुधात दोन-तीन चमचे साखर सहज असते. बाजारातल्या तळलेल्या सोया स्टिक्स म्हणजे फरसाणच.

ज्यांच्या घरी शेत आहे त्यांनी दाणे भरलेल्या हिरव्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून खाऊन बघाव्यात. फक्त फवारणी कधी झाली ते विचारून आणि औषधाच्या डब्यावर लिहिलेला काळ उलटल्यावरच.

एक दिवस कसा दिसेल

सकाळी पोहे असतील तर पोहे निम्मे करा, त्यात मटार आणि शेंगदाणे मोजकेच, सोबत वाटीभर दही किंवा अंडं. चहासोबतची बिस्किटं जातील तेवढी घालवा. दुपारी सोया मिसळलेल्या पिठाच्या दोन पोळ्या किंवा एक भाकरी, पालेभाजी, घट्ट वरण, चमचाभर जवसाची चटणी. संध्याकाळच्या भुकेला फुटाणे किंवा पेलाभर बिनसाखरेचं सोया दूध. रात्री टोफूची भुर्जी किंवा सोया वड्यांची भाजी, भात मुठीएवढा, ताकात जवसाची पूड.

उपवासाच्या दिवशी या बेतात खंड पडणारच, त्याची टोचणी नको. पण सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असं सगळं धरलं आणि प्रत्येक वेळी साबुदाण्याची खिचडी झाली तर आठवड्यातले दोन-तीन दिवस साखर उसळते. भगर, राजगिरा, ताक आणि फळ यांवर भागवता येतं.

गोळ्या, काढे आणि शतावरी

अमेरिकेत मायामीला २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पाळी नुकतीच गेलेल्या बायकांना दोन वर्षं रोज २०० मिलिग्रॅम सोया आयसोफ्लेवोनच्या गोळ्या दिल्या. हाडांची झीज थांबली नाही, अंगातून येणाऱ्या गरम वाफाही कमी झाल्या नाहीत. इटलीत ५४ मिलिग्रॅम शुद्ध जेनिस्टीन देऊन हाडांवर चांगला परिणाम दिसला, पण इटलीतल्याच दुसऱ्या प्रयोगात पाच वर्षं १५० मिलिग्रॅम आयसोफ्लेवोन घेतलेल्या काही बायकांच्या गर्भाशयाचं अस्तर जाड झालं, बिनऔषधाच्या गटात कुणाचंही नाही. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये पुरावे तपासून नेहमीच्या मात्रेत हानीची खूण नाही असं म्हटलं. मी या सगळ्यातून काढलेला निष्कर्ष असा: जेवणातून मिळत असताना गोळीला पैसे घालण्याचं कारण नाही.

शतावरी आणि लाल क्लोव्हरच्या जाहिराती याच वयाच्या बायकांना गाठतात. साखर-कोलेस्टेरॉलसाठी त्यांचा पुरावा अगदी तोकडा आहे. मेथीदाण्यांनी साखरेला थोडी मदत होते, पण ती मुख्यतः तंतूंमुळे.

एकीला फरक पडतो आणि दुसरीला नाही, यामागे आतड्यातले जिवाणू असू शकतात. काहींचे जिवाणू डेडझीनपासून इक्वॉल नावाचा जास्त प्रभावी पदार्थ बनवतात. जपानमध्ये निम्म्या लोकांच्या आसपास ही क्षमता असते, पाश्चात्त्य देशांत पाव ते तीसेक टक्क्यांत. प्रतिजैविकांच्या कोर्सनंतर ती काही काळ मंदावते. त्यासाठी तपासणी करत बसू नका, डाळी-भाज्यांचे तंतू खात राहा.

शेवटची पायरी: बारा आठवड्यांनी हिशेब

एचबीएवनसी दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, म्हणून त्याआधी तपासण्यात अर्थ नाही. त्याच लॅबमध्ये, तशाच उपाशीपोटी जा. आणि आकडा वाचताना हे ध्यानात घ्या: एलडीएल १५० असेल तर ३ टक्के म्हणजे साडेचार अंक. एवढा फरक काहीही न करता एका महिन्यातून दुसऱ्या महिन्यात पडतो. म्हणजे एकट्या सोयाचा परिणाम एका बाईच्या रिपोर्टमध्ये दिसणारच नाही. दिसेल तो सगळ्या बदलांचा मिळून: जवस, कमी झालेलं साजूक तूप आणि फरसाण, वाढलेले तंतू, चालणं.

चालण्यावरून आठवलं. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं सगळ्यांना माहीत असतं, पण या वयात दुसरं अर्धं जास्त मोलाचं आहे: आठवड्यातून दोन दिवस स्नायूंवर भार. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. सोयाची प्रथिनं स्नायूत जायची असतील तर स्नायूंना मागणी करावी लागते.

कंबर दोन-तीन सेंटिमीटर उतरली आणि आकडे खाली आले तर हाच बेत चालू ठेवा, सहा महिन्यांनी पुन्हा बघा. एलडीएल तरीही १९० च्या आसपास किंवा वर असेल, मधुमेह असेल किंवा आई-वडिलांना कमी वयात हृदयविकार झाला असेल तर स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी टाळत ‘अजून तीन महिने चटणी खाऊन बघते’ असं करू नका. गरम वाफांनी झोप उडाली असेल तर हॉर्मोन उपचाराबद्दल मोकळेपणाने विचारा. पाळी जाऊन दहा वर्षं उलटायच्या आत आणि साठीच्या आधी त्याचा विचार करणं बरं. औषध सुरू झालं म्हणून जवस बंद करायची गरज नाही, फक्त गोळी आणि जवस यांत तास-दोन तासांचं अंतर ठेवा.